जॉर्ज ग्रॅहम यांच्याविषयी थोडी भर

समुद्रावर रेखांश ठरवण्यासाठी अचूक घड्याळ बनवणाऱ्या जॉन हॅरिसन यांच्याविषयीच्या चर्चेत अठराव्या शतकातील लंडनचे जॉर्ज ग्रॅहम यांचा उल्लेख केवळ हॅरिसन यांना मदत करणारे घड्याळजी म्हणून झाला आहे, म्हणून त्यांच्या स्वतःच्या कामाविषयी लिहितो. ती मदत मोठीच होती: 1730 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांच्या सल्ल्यावरून भेटीला आलेल्या अनोळखी हॅरिसन यांच्याशी त्यांनी दिवसभर चर्चा केली आणि पुढील कामासाठी बिनव्याजी पैसेही दिले.

परंतु ग्रॅहम यांची खरी थोरवी लंबकाच्या घड्याळात दिसते. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. यावर त्यांनी दांडीच्या टोकाला पारा भरलेले काचपात्र बसवले, ज्यामुळे दांडी जितकी खाली प्रसरण पावे, त्याची भरपाई पात्रात वर चढणारा पारा करी. दुसरी अडचण अशी: जुन्या घड्याळांत प्रत्येक ठोक्याला सेकंदकाटा किंचित मागे सरकत असे, कारण लंबकाला जोडलेला, जहाजाच्या नांगराच्या आकाराचा भाग दंतचक्राला उलटे ढकलत असे. ग्रॅहम यांच्या रचनेत त्या भागाच्या कडा त्याच्याच आसाभोवतीच्या वर्तुळाकार कमानीत घासलेल्या असल्याने चक्र जागच्या जागी थांबते. ही रचना पुढे वेधशाळांतील घड्याळांत दीर्घकाळ टिकली.

ते केवळ घड्याळे करत नव्हते. खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपेरण (पृथ्वीच्या गतीमुळे तारा जागेवरून किंचित सरकलेला दिसणे) ज्या दुर्बिणीने सिद्ध केले, ती ग्रॅहम यांनीच घडवली होती. त्या शोधाच्या चर्चेत ग्रॅहम यांचे नाव सहसा येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.