मंडळानं ॲम्ब्युलन्स घेतली, पण मागं पेशंटजवळ बसणार कोण?

मोखाडेकर: काल एकानं इथं लिहिलं की सरकारची वाट बघू नका, प्रत्येक मंडळानं वर्गणी काढून ॲम्ब्युलन्स घ्यावी, पोरं फुकट चालवतील, प्रश्न मिटला. नाही मिटत हो. आमच्या भागात मंडळाची गाडी आहे. काकाला छातीत कळ आली तेव्हा दहा मिनिटांत दारात आली, पोरगा गुणी, गाडी पण चांगली हाणली त्यानं त्र्यंबककडं. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता पण तो उघडायचा पाना कुठाय कुणालाच माहीत नाही, मी सीटखाली, पेटीत, गादीखाली हात घालून शोधतोय आणि काकाचं डोकं माझ्या मांडीवर. नाशिक यायच्या आत गेला. मागं शिकलेला माणूस नसेल तर तो टेम्पोच.

कोयनाकाठ: दादा, काकांचं वाईट वाटलं. पण टेम्पो म्हणू नका. आमच्या कांदाटी खोऱ्यातून पेशंट आधी लाँचनं कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडतो, मग तापोळ्यात गाडी. वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, १०८ लांबच्या कॉलवर गेलेली, तेव्हा मंडळाचीच पोरं उठली, डिझेल पण त्यांच्याच खिशातलं. आज पुतण्या शाळेत जातो.

शिफ्टवाला डॉक्टर: १०८ वर मी काम केलंय म्हणून बोलतो. २०१४ ला सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या, त्यातल्या ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या, फक्त २३३, बाकी ७०४ बेसिक. एक गाडी रेफर पेशंट घेऊन जिल्ह्याला गेली की मागं तालुका मोकळा. रिलिव्हर आला नाही की पुढची शिफ्ट पण मीच, जेवण गाडीतच. गाड्या वाढवा म्हणतात सगळे, माणसं वाढवा कुणी म्हणत नाही.

सरळ बोलणार: त्यात पण बीएएमएस, बीएचएमएस भरलेत. इतर राज्यांत ईएमटी, म्हणजे इमर्जन्सीचे टेक्निशियन असतात, त्यांना तेवढंच काम शिकवलेलं असतं. २०२१ ला अलाइड हेल्थचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा कायदा झाला, या लोकांना त्यात जागा आहे, मग भरा की.

शिफ्टवाला डॉक्टर: तुम्ही कधी चालत्या गाडीत घाटात डिलिव्हरी केलीय का? मी केलीय, टॉर्च नवऱ्याच्या हातात होता. माझी डिग्री काढायच्या आधी एक रात्र त्या गाडीत बसा.

सरळ बोलणार: तुमचा अपमान करायचा नव्हता. ट्रेनिंग किती दिवसांचं मिळालं तेवढं सांगा.

शिफ्टवाला डॉक्टर: कमीच मिळालं. हे तुमचं बरोबर आहे.

विदर्भातली ताई: आधी गाड्यांवरचे पुढाऱ्यांचे फोटो काढा! लोकार्पणाला नारळ फुटतो, हार पडतो, वर्षभरात टायर गुळगुळीत आणि इन्शुरन्स संपलेला. आमच्याकडची गाडी शेवग्याच्या झाडाखाली उभी आहे, आत कोंबड्या बसतात.

कोयनाकाठ: ताई, फोटो असू दे ना, गाडी मिळाली हे कमी आहे का?

विदर्भातली ताई: असू दे कसं? आचारसंहिता लागली की फोटोवर कागद चिकटवायला माणूस लगेच मिळतो, स्टेपनीत हवा भरायला मिळत नाही. ड्रायव्हरचा पगार कोण देणार हे लोकार्पणाच्या दिवशी कुणी विचारतं का?

घाटमाथा: आमच्या सरपंचांनी पण घेतली होती, पासिंगच केलं नाही.

विदर्भातली ताई: बघा!

मोखाडेकर: विषय कुठं गेला. मी गाड्या बंद करा म्हणत नाहीये. दर मंडळातल्या दोन पोरांना तरी सिव्हिलला पाठवा, सीपीआर, रक्त थांबवणं, सिलिंडर लावणं एवढं हातात बसेपर्यंत. आणि तो पाना साखळीनं सिलिंडरलाच बांधा.

कोयनाकाठ: दोन पोरं कुठून आणू, निम्मी मुंबईला कामाला. बाकीची शेतात. फुकट कामाला अजून किती ताणायचं त्यांना?

मोखाडेकर: मग मानधन द्या. ग्रामपंचायतीतून द्या, पण द्या.

कोयनाकाठ: आत्ता खाली जाऊन गाडी उघडली. सिलिंडर आहे, पाना नाही. ड्रायव्हरला फोन केला तर म्हणतो घरी टूलबॉक्समध्ये असेल. सकाळी आणून बांधतो. पण टेम्पो हा शब्द मागं घ्या.

मोखाडेकर: बांधल्यावर सांगा. मग घेतो.