तातडीने मदत हवी आहे: मावशीच्या केससाठी फुकट वकील, उत्पन्नाचा दाखला अडकलाय

शुक्रवारपेठी: मावशीला कोर्टाचं समन्स आलंय. ती चार घरची धुणीभांडी करते, वकिलाची फी परवडणार नाही. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की सरकारी वकील फुकट मिळतो, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी तीन फेऱ्या झाल्या, दर वेळी नवीन कागद मागतात. मी पुण्यात असतो, सारखी रजा मिळत नाही. दाखला लवकर कसा निघेल? कुणाची ओळख असेल तर सांगा.

बावड्याचा_पाहुणा: केस कसली? घरगुती, जमिनीची, की फौजदारी?

शुक्रवारपेठी: घराची हो. मालक खोली खाली करा म्हणतोय. दाखल्याचं सांगा.

रंकाळाकाठ: आता आपल्या कोल्हापुरात सर्किट बेंच आलंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू आहे. मुंबईला जायची गरजच नाही. तिथंच अर्ज टाका.

जुना_कारकून: रंकाळाकाठ, ते हायकोर्ट आहे. हा दावा खालच्या कोर्टातला, बेंचचा इथं काय संबंध?
शुक्रवारपेठी, समन्स कधी मिळालं ते लिहा. आणि 'सरकारी वकील' म्हणू नका, तो सरकारच्या बाजूनं उभा राहतो. तुम्हाला हवाय तो विधी सेवा प्राधिकरणाचा पॅनेलवरचा वकील.

शुक्रवारपेठी: समन्स मिळून २३ दिवस झाले. तारीख येत्या सोमवारी.

वकीलताई: भावा, हे आधी लिहायचं होतं! दाखल्याचा नाद सोड. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. महिलेला उत्पन्नाची अटच नाही. तीन लाखांची मर्यादा आपल्या राज्यात आहे, पण ती उत्पन्नाच्या आधारावर मदत मागणाऱ्यांसाठी. मावशी बाई आहे, एवढं पुरे. आधार कार्ड, समन्स आणि दाव्याची प्रत घेऊन उद्याच कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकिलाची फी, टायपिंग, नकला, सगळं त्यांच्याकडून. पैसे कुणी मागितले तर तिथल्या सचिवांकडे लेखी तक्रार द्यायची. आधी बोलायचं असेल तर १५१०० लाव.
कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट ९० पर्यंत मुदत देऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. सोमवारी मावशी गैरहजर राहिली तर दावा एकतर्फी, म्हणजे तिची बाजू न ऐकताच, चालू शकतो.

तिकटीवरचा: फुकटचा वकील फुकटचंच काम करतो. माझ्या चुलत्याला तीन तारखांना वकील दिसलाच नाही. दागिना मोडा, पण चांगला वकील लावा.

वकीलताई: चुलत्यांना वकील बदलून मागता आला असता, तसा अर्ज करता येतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दागिना मोडायला सांगू नका.

मिटवा_मिटवी: लोकअदालतीत न्या. कोर्ट फी परत मिळते, एका दिवसात निकाल, आमचा बांधाचा वाद तिथंच मिटला.

जुना_कारकून: त्या निवाड्यावर अपील नाही हेही सांगा की. लिहितावाचता बेताचं येणाऱ्या बाईनं वकील शेजारी नसताना तडजोडीवर सही करू नये. मालक काय म्हणतो दाव्यात? भाडं थकलंय?

शुक्रवारपेठी: हो, आठ महिने. पण ती द्यायला गेली की मालक घेतच नव्हता. दोनदा मनिऑर्डर केली, 'घेण्यास नकार' म्हणून परत आली.

वकीलताई: मग खरी केस इथं आहे! भाडेपावतीवर राहते की लिव्ह अँड लायसन्सवर? पावती असेल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५: समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी वर्षाला १५ टक्के व्याज आणि कोर्ट सांगेल त्या दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिली, तर थकबाकीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. दाव्याआधी ९० दिवसांची नोटीस आली होती का तेही बघ.

सेवाभावी: मावशींची घरेलू कामगार मंडळात नोंदणी करून घ्या, फायदे आहेत.

बावड्याचा_पाहुणा: ते नंतर हो! मला एवढंच वाटतं, 'महिलेला दाखला लागत नाही' अशी पाटी प्रत्येक वॉर्डात लावायला पाहिजे. माझी आई वर्षभर दाखल्यामागे फिरली आणि शेवटी पोटगीचा दावाच टाकला नाही.

शुक्रवारपेठी: रजा टाकून आलो. अर्ज घेतला, दाखला मागितला नाही, आणि सोमवारी कोर्टात उभं राहायला वकीलही दिलाय. बाई आहेत, मावशीचं सगळं ऐकून घेतलं. पावतीवरच राहते ती, नोटीस आलेलीच नाही. पण एक अडचण: पावत्या पत्र्याच्या डब्यात होत्या, २०२१ च्या पुरात भिजल्या. शाई फुटलीय, मालकाची सही तेवढी दिसते. टाकून द्यायच्या का?

वकीलताई: एकही टाकू नकोस. आहेत तशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वकिलांकडे दे, मनिऑर्डरच्या परत आलेल्या फॉर्मसकट. वीजबिल मावशीच्या नावावर असेल तर तेही.

शुक्रवारपेठी: आहे तिच्या नावावर. आत्ताच काढतो.