मदत हवी आहे: कार्यालयीन दौऱ्यात सहकाऱ्यांबरोबर किनाऱ्यालगत सायकल सहल, सायकल कोणती घ्यावी?

वाटचुकार:
पुढच्या आठवड्यात कामानिमित्त आम्ही पाच जण समुद्रकाठच्या एका शहरात जात आहोत. शेवटचा दिवस मोकळा आहे, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्याने ४० किलोमीटर सायकल चालवायची, असे बाकीच्या चौघांनी परस्पर ठरवून टाकले आहे. सायकली तिथे भाड्याने मिळतात. दुकानदाराकडे बारीक टायरची, जाड टायरची आणि मधल्या टायरची, जिला तो हायब्रिड म्हणतो, अशा तीन प्रकारच्या सायकली असून कोणती हवी हे त्याला उद्या सकाळपर्यंत कळवायचे आहे. कृपया तिन्हींपैकी एकीचे नाव सांगावे. व्यायामाचे फायदे मला ठाऊक आहेत.

जुनी_साखळी:
रस्ता डांबरी आहे की वाळूचा, ४० किलोमीटर हे जाऊन-येऊन आहेत की केवळ जाण्याचे, आणि आपण शेवटची सायकल कधी चालवली होती, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणी नाव सांगितले तर तो अंदाजपंचे सल्ला ठरेल. शिवाय पंक्चरचे सामान कोण बरोबर घेणार आहे?

वाटचुकार:
रस्ता डांबरीच आहे, मात्र काही ठिकाणी वाऱ्याने वाळू येऊन पडते, असे ऐकले आहे. जाण्याचे ४० आहेत, येण्याचे अर्थातच तेवढेच. सायकल मी महाविद्यालयात असताना रोज चालवत होतो. आता नाव सांगावे.

मचवा:
जाड टायरचीच घ्या, डोळे मिटून. मी अशा सायकलवरून थेट पुळणीवर फिरलो आहे. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू इतकी घट्ट असते की चाकाचा नुसता ठसा उमटतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेवढे पाहून ठेवा म्हणजे झाले.

जुनी_साखळी:
त्यांनी पुळणीवर जायचे आहे असे कुठेही म्हटलेले नाही. डांबरी रस्त्यावर जाड टायर घेऊन ८० किलोमीटर म्हणजे ओले पोते ओढण्यासारखे आहे. हायब्रिड घ्यावी, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर डांबरावर नीट पळतात आणि वाळूचा पातळ थर आला तरी सांभाळून घेतात. वाळूवरून जाताना हँडल सरळ ठेवावे, पॅडल हलके मारत राहावे आणि पुढचा ब्रेक अजिबात दाबू नये. माझ्या कोपरावरचा व्रण हा नियम न पाळल्याचा आहे.

नोंदवही:
सायकल परत करण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने धुवून, कोरडी पुसून चेनला तेल लावावे, कारण खाऱ्या हवेत चेन फार लवकर गंजते. आमच्याकडच्या सायकलीची चेन दोन आठवड्यांत तांबूस झाली होती.

वाटचुकार:
सायकल भाड्याची आहे, तिची चेन दुकानदार पाहून घेईल. हायब्रिड नक्की समजू का? न्याहारी करून सकाळी १० वाजता निघायचे आणि संध्याकाळी ६ च्या गाडीने परतायचे, असा बेत आहे.

दर्यावाट:
हा बेत आपण पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवा होता, कारण अडचण सायकलीत नसून त्यात आहे. सराव नसलेला माणूस सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर या वेगाने जातो असे धरले, तरी ८० किलोमीटरना ५ तास २० मिनिटे लागतात. पाच जणांचे थांबणे, छायाचित्रे आणि जेवण यांचे किमान दीड तास धरले की पाच वाजतात, आणि सामान घेऊन स्थानकावर पोहोचायचे बाकीच असते. आता वाऱ्याचे पाहू. निरभ्र दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. पहाटे तो जवळजवळ नसतो, दुपारी मात्र चांगलाच वाढतो. म्हणजे १० ला निघून आपण जाताना निवांत आणि येताना, नेमके पाय थकलेले असताना, भर वाऱ्यात सापडणार.

मचवा:
रस्ता किनाऱ्याला समांतर आहे, तेव्हा समुद्रावरचा वारा बाजूने लागेल, समोरून नाही. उगाच घाबरवू नका.

दर्यावाट:
बाजूचा वारा खाडीवरच्या पुलावर सायकल हातभर सरकवतो, हे तिथे गेल्यावर कळते. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे हा वारा दुपार उतरते तसा वळत जाऊन थोडाफार किनाऱ्याला समांतर वाहू लागतो, त्यामुळे एका बाजूला जाणाऱ्याला तो समोरून येतोच. आपण ताशी १५ ने जात असताना समोरचा वाराही ताशी १५ चा असेल, तर हवेच्या लेखी आपला वेग ३० होतो आणि तिचा विरोध चौपट. तेव्हा ६ वाजता निघावे आणि २० किलोमीटरवरून मागे फिरावे. सहकारी ४० म्हणाले असतील, तर कदाचित त्यांच्या मनातही जाऊन-येऊन इतकेच असेल. एकदा विचारून पाहावे.

वाटचुकार:
विचारले. दोघांच्या मनात एकूण ४० होते आणि दोघांच्या मनात काहीच नव्हते. आणखी एक गोष्ट राहिली. आमच्या वरिष्ठांचा गुडघा दुखतो, पण त्यांना मागे राहायचे नाही. शिवाय त्या दिवशी सकाळीच खोली सोडायची असल्याने लॅपटॉपची बॅग पाठीवर राहील.

पायवाटेची_ताई:
बॅग पाठीवर मुळीच नको. तासाभरात पाठ घामाने भिजते, खांदे भरून येतात आणि सगळा भार मनगटावर उतरून बोटांना मुंग्या येतात. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा दुकानात बॅगा ठेवता येतील का, ते आधी विचारून घ्या. वरिष्ठांना बॅटरीवरची सायकल मिळाली तर पाहा. बाकीच्यांनी सीटची उंची तरी तपासावी: सीटवर बसून टाच सर्वांत खाली गेलेल्या पॅडलवर टेकवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूचे दुखणे पुष्कळदा सीट खाली असल्यामुळे वाढते.

जुनी_साखळी:
बॅटरीची सायकल वीस-पंचवीस किलोंची असते आणि बॅटरी संपली की तोच गुडघा तेवढे वजन ओढतो. त्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवावेत.

पायवाटेची_ताई:
४० किलोमीटरना पूर्ण भरलेली बॅटरी सहसा पुरते. निघताना ती पूर्ण भरलेली आहे की नाही, एवढे पाहावे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पहिल्याच दिवशी गिअरचे शास्त्र शिकवण्यात अर्थ नाही.

वाटचुकार:
ठरले. चार हायब्रिड आणि एक बॅटरीची कळवली आहे, ६ ला निघून २० किलोमीटरवरून मागे फिरणार आहोत आणि बॅगा दुकानात राहतील. पायात मात्र कार्यालयाचे चामडी बूटच आहेत, त्यांनी चालेल का?

दर्यावाट:
गुळगुळीत तळाचे असतील तर पॅडलवरून घसरतील. रबरी तळाचे कोणतेही साधे बूट पिशवीत टाकावेत.

जुनी_साखळी:
पंक्चरच्या सामानाचे आपण अजून सांगितलेले नाही.