झांजा काढल्या नसत्या तर 1980चा तो ड्रमचा आवाज जन्मला असता का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम मे 1980 मध्ये आला. त्यातलं पहिलंच गाणं 'इंट्रूडर' फिल कॉलिन्सच्या ड्रम्सनी सुरू होतं. ठोका पडतो, खोली फुगून अंगावर येते आणि घुमारा ओसरायच्या आत कुणीतरी दार लावून घेतं. जानेवारी 1981 मध्ये कॉलिन्सच्या स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये, साधारण 3 मिनिटं 40 सेकंदांवर, हाच आवाज जगभर पोचला. आपण त्याला 'गेटेड रिव्हर्ब' म्हणतो, म्हणजे मध्येच तोडलेला घुमारा.

याची नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातला टाउनहाउस स्टुडिओ, दगडी भिंतींची खोली, इंजिनिअर ह्यू पॅडगम, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. कन्सोल, म्हणजे आवाज मिसळायचं टेबल, एसएसएल कंपनीचं 4000 बी. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून छताला एक माईक टांगलेला असे, त्याला 'लिसन माईक' म्हणत. कोपऱ्यात पुटपुटलेलंही ऐकू यावं आणि कुणी ओरडलं तरी स्पीकर फुटू नये, यासाठी त्यावर भयंकर दाबणारा कॉम्प्रेसर बसवलेला. कॉलिन्स वाजवत असताना त्या माईकचं बटण दाबलं गेलं आणि सगळे थक्क झाले. तो माईक रेकॉर्ड करायची सोयच नव्हती, म्हणून रातोरात वायरिंग बदलून घेतलं. मग त्या आवाजावर कन्सोलमधलाच नॉइज गेट लावला, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं दार.

हकीकत खरी आहे, पण तिच्यात खरा निर्णय मागे पडतो असं माझं ठाम मत आहे. त्या अल्बमसाठी गॅब्रिएलने ड्रमरना सांगून ठेवलं होतं की सिंबल, म्हणजे ड्रमकिटवरच्या झांजा, वाजवायच्या नाहीत. हाय-हॅट नाही, क्रॅश नाही, राइड नाही. हा नियम नसता तर त्या दिवशी बटण दाबून ऐकू आली असती ती नुसती पत्र्याची खळखळ. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मागचा बारीक आवाज वर ओढतो. ड्रमकिटवर मोठा आवाज म्हणजे स्नेअर (खणखणीत छोटा ड्रम) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), तर दोन ठोक्यांमधला बारीक आवाज म्हणजे मुख्यतः हाय-हॅट. 15-20 डीबी दाबलंत की हाय-हॅट स्नेअरच्या बरोबरीने येऊन बसतो. क्रॅशची आस तर कित्येक सेकंद रेंगाळते. गेट ती मध्येच तोडतो तेव्हा कात्री चाललेली स्पष्ट ऐकू येते. टॉम या खोल आवाजाच्या ड्रमची आस तोडली तर तो ठोका वाटतो, सिंबलची तोडली तर टेप खराब झाल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिलं श्रेय गॅब्रिएलचं. यंत्राचं आणि योगायोगाचं नंतर.

फेडरवाला

असहमत. सिंबल नसणं ही अट होती, कारण नव्हे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड बँडची ड्रमर मो टकर 1967 मध्येच जवळजवळ सिंबलशिवाय वाजवत होती, तेही उभ्याने, मॅलेट घेऊन. तो आवाज तिथे जन्मला का? नाही, कारण बाकीच्या तीन गोष्टी तिथे नव्हत्या.

पहिली गोष्ट खोली. सत्तरच्या दशकात ड्रम्स म्हटले की गालिचे, फोम, टॉमवर टॉवेल आणि प्रत्येक ड्रमला चिकटलेला माईक. आवाज सुका, जवळचा. टाउनहाउसच्या दगडी खोलीने मुळात घुमारा दिला. नसलेला घुमारा कोणताही कॉम्प्रेसर वर ओढू शकत नाही.

दुसरी गोष्ट तो विशिष्ट कॉम्प्रेसर. त्याचे अटॅक आणि रिलीज (आवाज पकडायचा आणि सोडायचा वेग) ठरलेले होते, इंजिनिअरच्या हातात बटणच नव्हतं. संगीतासाठी बनवलेला कॉम्प्रेसर इतका आडदांड कुणी बनवला नसता.

तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: एसएसएलच्या प्रत्येक चॅनलवर गेट होता. त्याआधी गेट म्हणजे रॅकमधलं वेगळं यंत्र, असलेच तर दोन-चार. ते आधीच किक-टॉमची गळती थांबवायला अडकलेले असायचे. छताच्या माईकवर गेट लावून बघावा ही कल्पना सुचली तरी त्यासाठी पॅच-केबल ओढत बसावं लागे. इथे एक बटण दाबलं की झालं. जे हाताशी असतं तेच करून बघितलं जातं, आणि पॅडगमने ते करून बघितलं.

मंद्रसप्तक

मो टकरचं उदाहरण मान्य. अट आणि कारण यांत मी गल्लत केली. पण मग 1971चं लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. हेडली ग्रेंज या जुन्या घराचा जिन्याचा चौक, खाली जॉन बॉनहॅम, वरच्या मजल्यावरून सोडलेले बायरडायनॅमिकचे दोन एम 160 माईक, त्यावर जोरदार कॉम्प्रेशन. खोली आहे, लांबचा माईक आहे, दाब आहे. पण सिंबलही आहेत. त्यामुळे घुमारा आहे तसा वाहू द्यावा लागला. तिथे गेट हाताशी असता तरी इंजिनिअर अँडी जॉन्सला तो लावता आला नसता, हाय-हॅट मध्येच तुटला असता. 1971 ते 1980 हे अंतर गेटने भरलं हे खरं, पण गेटला वाट सिंबल नसण्याने मिळाली.

खर्ज

दोघेही 1977 विसरताय. बर्लिनचा हान्सा स्टुडिओ, डेव्हिड बोवीचं 'हीरोज', निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी. गायनासाठी तीन माईक: एक तोंडापासून सुमारे 9 इंचांवर, दुसरा 20 फुटांवर, तिसरा 50 फुटांवर. लांबच्या दोन्हींवर गेट. बोवी हळू गातो तेव्हा फक्त जवळचा माईक चालू. आवाज चढला की दुसरा उघडतो, किंचाळला की तिसरा. खोलीचा घुमारा गेटने उघडायचा-मिटायचा, ही कल्पना तिथे पूर्ण तयार आहे, फक्त ड्रमऐवजी गळ्यावर. त्याच्या आधीच्या 'लो' अल्बममध्ये व्हिस्कॉन्टीनेच इव्हेंटाइडचा एच 910 हार्मनायझर (स्वर वर-खाली करणारं यंत्र) लावून डेनिस डेव्हिसचा स्नेअर खाली घसरवला होता. स्नेअरचा आवाज नैसर्गिक असलाच पाहिजे हा आग्रह तिथे मोडला. टाउनहाउसला 'जन्म' म्हणणं मला पटत नाही.

फेडरवाला

खर्ज, फरक आहे. 'हीरोज'मध्ये गेट लांबची खोली *उघडायला* वापरलाय. गायक थांबला की दार मिटतं, पण ते मिटणं ऐकू यावं असा हेतू नाही. 'इंट्रूडर'मध्ये मिटणं हाच परिणाम आहे. वाद्य तेच, वाजवायची बाजू उलटी.

काठी_आणि_कातडं

श्रेय कुणाचं यावर भांडताय, पण नुकसान कुणी केलं याबद्दल कुणीच बोलत नाही. ड्रमरच्या बाजूने लिहितो.

स्नेअरवर दोन प्रकारचे ठोके असतात. एक मोठा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा. दुसरे त्यांच्या मधले बारीक, काठी जेमतेम उडते तेवढे, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात. तबल्यात बोलांच्या मधल्या भरीने ठेक्याला जशी चाल येते, तशी इथे या बारीक ठोक्यांनी येते. गेटची पातळी मोठ्या ठोक्यावर लावली की हे बारीक ठोके दारच उघडत नाहीत. पातळी खाली आणली तर प्रत्येक बारीक ठोक्यावर सगळी खोली धाडकन उघडते. मधला मार्ग नाही. म्हणून ऐंशीच्या दशकात ड्रमर सोपं वाजवायला लागले: दोन, चार, दोन, चार. पुढे तर खोलीचीही गरज उरली नाही. एएमएसच्या आरएमएक्स 16 या रिव्हर्ब यंत्रामध्ये 'नॉनलिन' नावाचा तयार प्रोग्रॅम आला, 1985 मध्ये यामाहाचा एसपीएक्स 90 आला आणि स्वस्तातल्या स्टुडिओतही तोच फुगा. दगडी खोली एकच होती, प्रीसेट मात्र सगळ्यांकडे एकसारखा.

हे टाळता येत होतं का? येत होतं. 1982चं टोटोचं 'रोझॅना' ऐका, जेफ पोर्कारो. सुरुवातीलाच नुसते ड्रम्स आहेत. हाफ-टाइम शफल, आणि मोठ्या ठोक्यांच्या मधे घोस्ट नोटांची अखंड वीण. त्यावर 200 मिलिसेकंदांचा गेट लावा आणि काय उरतं ते बघा.

मंद्रसप्तक

काठी, प्रीसेटबद्दल शंभर टक्के सहमत, आणि ते माझ्याच मुद्द्याला बळ देतं. 'इंट्रूडर'मध्ये वादन आधीच त्या आवाजासाठी बांधलेलं होतं: सिंबल नाहीत, ठोक्यांमध्ये मोकळी जागा. शिवाय कॉलिन्सचे टॉम खालची पुडी नसलेले, म्हणजे मूळची आस आखूड आणि ठोका थेट. नंतरच्यांनी वादन तसंच ठेवलं, हाय-हॅट तसाच ठेवला आणि वरून प्रीसेट ओतला. बिघडलं ते तिथे.

'इन द एअर टुनाइट'ची लय मिनिटाला साधारण 95 मात्रा आहे. म्हणजे एक मात्रा 632 मिलिसेकंद, अर्धी 316. गेट 200-250 मिलिसेकंदांत मिटला तर पुढच्या ठोक्याआधी खरी शांतता मिळते. तो ड्रम इतका मोठा वाटतो तो या शांततेमुळे. त्यात तोवर साडेतीन मिनिटं ठेक्याला रोलंडच्या सीआर-78 या ड्रम-यंत्राची टिकटिक तेवढी चालू असते. हेच 130च्या लयीत, सोळाव्यांच्या (मात्रेत चार ठोके) हाय-हॅटखाली केलं की शांतता कुठे मिळणार?

टिपरू

वाद छान चाललाय, पण एक कामाचा प्रश्न. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर हा परिणाम घ्यायचा असेल तर जमेल का? साध्या खोलीत, सॉफ्टवेअरवर. नेमके आकडे द्या.

फेडरवाला

टिपरू, आधी सरळ ड्रमची कृती देतो, मग ढोलाकडे येतो.

स्नेअरला जवळचा एक माईक. खोलीसाठी दोन माईक, ड्रमपासून 2 ते 3 मीटर लांब आणि शक्य तितके उंच. खोली 10 बाय 10 फुटांची असेल तर लांबच्या माईकचा हट्ट सोडा. भिंती इतक्या जवळ असतात की परावर्तन लगेच परत येतं आणि आवाज डब्यातला वाटतो. त्यापेक्षा जवळच्या माईकवरून रिव्हर्बकडे वेगळा सेंड काढा; रूम प्रकारचा, 1 ते 1.5 सेकंदाचा, प्री-डिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीचा उशीर) शून्य ते 10 मिलिसेकंद.

त्यापुढे कॉम्प्रेसर: रेशो 10 ला 1 किंवा जास्त, अटॅक जलद, रिलीज 50 ते 100 मिलिसेकंद, सुई किमान 15 डीबी खाली जाईपर्यंत. (एसएसएलने त्या लिसन माईक कॉम्प्रेसरचं प्लगइनही काढलंय.) कॉम्प्रेसरच्या *नंतर* गेट. इथे बहुतेकांचं चुकतं. कॉम्प्रेसरने ठोका आणि आस जवळजवळ सारख्या उंचीवर आणून ठेवलेली असते, त्यामुळे गेटला त्याच आवाजावरून दार कधी उघडायचं ते कळत नाही, तो फडफडत राहतो. म्हणून गेटची साइडचेन, म्हणजे दार उघडायचा इशारा, जवळच्या स्नेअर माईकवरून द्या. होल्ड (दार उघडं राहायचा वेळ) 150 ते 250, रिलीज 10 ते 30 मिलिसेकंद. रिलीज 100 च्या वर गेला की साधा आखूड रिव्हर्ब वाटतो, जादू जाते. अटॅक अगदी शून्यावर ठेवलात तर टिच्च असा आवाज येतो, अर्धा मिलिसेकंद द्या.

खरे रूम माईक वापरले असतील तर 3 मीटरवरचा आवाज सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढा चालतो. जवळच्या किंवा लांबच्या, कुठल्या तरी एकाच माईकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) मात्र उलटी करून बघा. जी बाजू जाडजूड वाटेल ती ठेवा.

आता ढोल-ताशा. ताशा साइडचेनमध्ये आला की संपलं. 120च्या लयीत सोळावे म्हणजे दर 125 मिलिसेकंदांना एक ठोका. 200 चा होल्ड कधी मिटणारच नाही. आणि झांज म्हणजे मंद्रसप्तक यांनी सांगितलेली सिंबलची अडचण दुपटीने. ढोल वेगळा रेकॉर्ड करा, ताशा आणि झांज नंतर वेगळ्या ट्रॅकवर सुक्या घ्या. गेटची साइडचेन फक्त ढोलाच्या टिपरूच्या (काठीच्या) बाजूच्या माईकवरून द्या, थापेच्या बाजूने नको. थापेचा खालचा घुमारा गोलसर आणि लांब, गेटला धारदार सुरुवात लागते.

मंद्रसप्तक

म्हणजे शेवटी ढोलासाठीही पहिला नियम तोच निघाला, झांजा आधी बाहेर काढा.

खर्ज

हो, पण नियम सोयीसाठी झाला, कल्पना म्हणून नव्हे. टिपरूंना ढोलाचा आवाज मोठा करायचाय. गॅब्रिएलला ड्रमरची सवय मोडायची होती. राइडवर हात ठेवून वाजवायची सवय गेली की ठेकाच बदलतो. तेवढं श्रेय मी द्यायला तयार आहे, आवाजाचं नाही.

काठी_आणि_कातडं

टिपरू, एक सांगतो. ढोलावर गेट लावायच्या आधी पथकाचा हात बघा. संथ, मोकळा ठेका असेल तर फेडरवाल्यांचे आकडे जसेच्या तसे लावा. मधल्या जागा भरणारा हात असेल तर होल्ड 100 वर आणूनही भरीचे बोल अर्धे जातील. तिथे गेट नकोच. मोठं सभागृह किंवा जिन्याचा चौक शोधा, माईक वर टांगा आणि आस पूर्ण ओसरू द्या. 1993 मध्ये स्टीव्ह अल्बिनीने मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत निर्वाणा बँडचे ड्रम्स खोलीच्या माईकांवर असेच मोकळे सोडले होते.

टिपरू

हात भरणारा आहे. सभागृह शोधतो.