लावणी मोबाइलवर शूट करायची आहे, गिंबल (मोबाइल हलू न देणारा हातात धरायचा दांडा) घेऊ की ट्रायपॉड? बजेट ५,०००

नऊवार: टीव्हीच्या नृत्यस्पर्धेसाठी ऑडिशन पाठवायची आहे. तीन मिनिटांची लावणी, एकच सलग टेक, कट चालत नाही. शाळेचा हॉल मिळालाय, ट्यूबलाइट आहेत. ५,००० च्या वर जाता येणार नाही.

सांगलीकर: गिंबलच घ्या. माझा १२,००० चा आहे, लोण्यासारखा फिरतो. थोडं बजेट वाढवा.

रिळवाला: ताई, एका जागेवरच्या टेकला गिंबल कशाला? साधा ट्रायपॉड घ्या. मोबाइल कमरेच्या उंचीवर, अगदी सरळ. वरून खाली झुकवला की पाय आखूड दिसतात. सहा मीटर मागे जाऊन २एक्स (दुप्पट जवळ दाखवणारी) लेन्स लावा. पावलांखाली वीतभर जमीन दिसू द्या, घुंगरू कापले गेले तर लावणी गेली.

खटका: पूर्ण अंग दिसलंच पाहिजे हा आग्रह हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचाही होता. पण लावणी म्हणजे अदा! सहा मीटरवरून भुवई काय दिसणार?

रिळवाला: बैठकीच्या लावणीत जवळ जा, तिथे नजर आणि हात बोलतात. ही लावणी उभ्याने नाचायची आहे, ठेका पायात आहे.

सांगलीकर: शांतारामबापूंचा १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे' बघा आणि मग कॅमेरा एका जागी ठेवा म्हणा.

रिळवाला: सिनेमात तुकडे वेगवेगळे घेऊन संकलनात जोडतात. इथे कटच नाही.

तालमास्तर: ट्यूबलाइटकडे कुणीच बघितलं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) चित्रात पट्टे सरकतात. २५ फ्रेम, १/५० ठेवा. गिरकीत हात फार पुसट झाले तर १/१००. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, नाहीतर जरीचा पदर समोर आला की चेहरा काळवंडतो.

मेंदीपान: मीही हेच सांगणार होते, ट्रायपॉडच घ्या. आणि घुंगरांसाठी दुसरा मोबाइल पायांपासून दीड मीटरवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, तिच्यावर दोन्ही आवाज जुळवता येतात. असा जोडलेला आवाज चालतो का, ते स्पर्धेवाल्यांना आधी विचारा.

नऊवार: आभार. काहीच विकत घेत नाही, ५,००० ढोलकीवाल्या दादांना देते. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर तोडा (तालाचा तुकडा) लांबवता येत नाही, ते मला खटकतं. मोबाइल बाकावर, वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून. २५ फ्रेम, १/५० मात्र नक्की.

मेंदीपान: मग ढोलकी घुंगरांच्या मोबाइलपासून निदान तीन मीटर लांब बसवा, नाहीतर थापेखाली घुंगरू ऐकूच येणार नाहीत.