बाबांची कवळी डबीतच पडून असते, काय करावं?

वेंगुर्लेकर_पोर:
बाबांना वरची-खालची पूर्ण कवळी बसवून महिना होत आलाय. वरची ठीक आहे पण खालची बोलताना सारखी उठते, डाव्या बाजूला हिरडी घासून लाल झालीये, तोंडाला पाणी सुटतं आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते म्हणून फोनसुद्धा घेत नाहीत. जेवायला बसले की काढून डबीत टाकतात आणि पेज पितात, म्हणजे ज्यासाठी केली तेच नाही. काल म्हणाले कानस दे, मीच घासतो. शेजारचे काका सांगतात उकळत्या पाण्यात टाक, नरम पडेल. डॉक्टर कुडाळला, एसटीने अख्खा दिवस जातो. बाबांना शुगर पण आहे. कोणाला अनुभव आहे का?

रत्नांग्रीचा_आजोबा:
कानस अजिबात देऊ नका हो! नको तिथे घासली गेली की बसायचीच नाही, आणि गरम पाण्याने तर ते अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं, मग नवीच करा. घासायचं काम डॉक्टरचंच, ते मशीनवर दोन मिनिटांत करतात. पण कुडाळला जाताना आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काही तास घालून मगच न्या, दुखतं म्हणून आठवडाभर काढून ठेवली की लाली जाते आणि टोचतं नेमकं कुठे ते त्यांना दिसत नाही, हेलपाटा फुकट. खालची उठणारच थोडी. वरचीला अख्खी टाळू मिळते चिकटायला, खालची घोड्याच्या नालेसारखी आणि मधे जीभ वळवळणार. जीभ मागे ओढली की ती उठते, म्हणून जीभ खालच्या पुढच्या दातांना टेकवून ठेवायची. घास छोटा, आणि एकाच गालात न ठेवता दोन्हीकडे वाटून चावायचा. पेरूबिरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही, सुरीने कापून. पाणी सुटणं आपोआप कमी होतं, मला तर ते कधी थांबलं तेही आठवत नाही.

मालवणी_माणूस:
आमच्या आवशीक पण कवळी आसा. आधी माशाच्या काट्यांचा बगा. वरच्या कवळीन टाळू झाकता, काटो तोंडात आसा ता कळणाच नाय, सरळ घशात. सुरवातीक मोरी (शार्क मासो) द्या, तिका काटेच नसतत, नायतर सुरमय नीट निवडून. तारले, मांदेली मागसून. चाय पण कढत नको. आणि निसत्या पेजेर ठेव नका, मऊ भात, घावने, आंबोळी द्या, चावूची सवय तशीच लागतली.

दातवाली_ताई:
मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. शुगर आहे म्हणून लाल हिरडी अंगावर काढू नका, अशा लोकांची जखम हळू भरते आणि कवळीखाली बुरशी पण लवकर धरते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना मोकळं सोडायचं. धुताना टूथपेस्ट नको, चरे पडतात, मऊ ब्रश आणि भांड्याचा किंवा हाताचा साधा साबण. बेसिनमध्ये आधी पाणी भरा किंवा टॉवेल घाला, हातातून निसटून फुटलेल्या कितीतरी येतात आमच्याकडे. चिकटवायची पावडर मिळते पण टोचणाऱ्या कवळीवर तो उपाय नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हिरडीखालचं हाड बरंच झिजतं, मग कवळी ढिली होते, तेव्हा आतून नवा थर देऊन घेता येतो, लगेच नवीन करायची गरज नसते. आणि कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवाच.

कोकणकन्या_७:
शिट्टीसाठी पेपर मोठ्याने वाचायला लावा. आमचे सासरे एसटीच्या पाट्या वाचायचे, सावंतवाडी, सांगली, सोलापूर, सगळी 'स'ची गावं :) पंधरवड्यात बोलणं सुटं झालं.

वेंगुर्लेकर_पोर:
सगळ्यांचे आभार! सोमवारी नेतोय, रविवारपासून घालायला लावतो. कानस माळ्यावर टाकलीये. बाबा विचारतायत कवळी घालून सुपारी चालेल का?

दातवाली_ताई:
नाही. कवळी काढून पण नाही.