बाळाच्या आजारपणात आईला कोणी आणि कसे शिकवले? (अनुभव धागा)

बाळ आजारी पडले की सल्ले चहूबाजूंनी येतात. मात्र ताप कसा मोजायचा, औषधाची मात्रा कशी घ्यायची, दवाखाना नेमका केव्हा गाठायचा, हे शेजारी बसून करून दाखवणारे आणि आपल्याकडून करून घेणारे माणूस फार थोड्या आयांना लाभते. ज्यांना असे माणूस भेटले, जे स्वतः कुणासाठी तसे झाले किंवा ज्यांना त्याची उणीव जाणवली, त्यांनी इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

मुलगी ८ महिन्यांची असताना तिला खोकला झाला, तेव्हा एका परिचारिकेने मला तिचे श्वास मोजायला शिकवले. बाळ शांत असताना, म्हणजे रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करायचा, पोटाकडे नजर ठेवायची आणि सेकंदकाट्याचा पूर्ण फेरा होईपर्यंत पोट किती वेळा वर येते ते मोजायचे. २ महिन्यांहून लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि त्यापुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो वेग जास्त समजायचा. सोबत खोकला असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन डॉक्टरांकडे जायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर उजाडायचीही वाट पाहायची नाही. एवढे सांगून ती थांबली नाही. तिने मला मोजायला लावले, स्वतः मनातल्या मनात मोजले आणि दोघींचे आकडे ताडून पाहिले. पुढे एका रात्री आकडा ५० च्या वर गेला, तेव्हा मी घाबरले होते, तरी काय करायचे हे मला पक्के ठाऊक होते.

बालरुग्ण विभागातील परिचारिका

‘समजले ना?’ असे विचारले की प्रत्येक आई मान डोलावते, कारण समोर रांग असते आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. म्हणून जुलाब झालेल्या बाळाच्या आईच्या हाती मी ओआरएसचे पाकीट आणि मापाचे भांडे देते आणि तिलाच द्रावण तयार करायला सांगते. पुष्कळ जणी अर्धे पाकीट पेल्यात टाकू पाहतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घेऊन संपूर्ण पाकीट एकदम विरघळवायचे, कारण पाणी कमी पडल्यास क्षारांचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो, हे कारण कळले की ती पद्धत सहसा विसरली जात नाही. उलटी झाली तर १० मिनिटे थांबायचे आणि मग चमच्याने, आधीपेक्षा सावकाश, पुन्हा सुरू करायचे. आईचे दूध थांबवायचे नाही. झिंकचे औषध मात्र पुष्कळ घरांत जुलाब थांबताच चुकून बंद केले जाते. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे १० ते १४ दिवस पूर्ण द्यायचे असते, हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

घरच्या माणसांवर एवढी जबाबदारी टाकावी का, अशी शंका मला अनेकदा विचारली जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि शिरेवाटे देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि त्यांच्याकडूनच ते पाजवून घेतले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. माझ्या मनातली शंका त्या इतिहासाने कायमची मिटवली.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाची आई

माझे बाळ इतके लहान होते की त्याला उचलायचीही मला भीती वाटत असे. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून माझ्या उघड्या छातीवर उभे ठेवले, त्याची मान एका बाजूला वळवली, नाक मोकळे आहे ना ते मला बघायला लावले आणि वरून कापड घट्ट बांधले. या कांगारू पद्धतीची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांना रोज ८ ते २४ तास असे ठेवायला सांगते. एवढा वेळ एकटीने देणे शक्यच नसते. डॉक्टरांनी माझ्या पतीलाही तेच शिकवले आणि मला झोपायला पाठवले. मला मिळालेला सर्वांत मोठा आधार तोच होता.

एक वडील

लसीकरणाचे कार्ड माझ्याकडे असते आणि तारखा मीच सांभाळतो. डॉक्टरांकडे आम्ही दोघेही जातो, म्हणजे ऐकलेले घरी येऊन पत्नीला एकटीने सर्वांना पटवून द्यावे लागत नाही.

औषधनिर्माता

ज्यांना वाचता येत नाही, अशा आयांना ‘अडीच मिली’ सांगून काही उपयोग होत नाही. मी औषध देण्याच्या सिरिंजवर न पुसणारी रेघ ओढतो आणि त्यांना तिथपर्यंत औषध भरून दाखवायला सांगतो. तापाच्या एकाच औषधाचे थेंब सिरपपेक्षा तीव्र असू शकतात, म्हणून ती रेघ त्याच बाटलीपुरती आहे, हेही बाटली हातात देऊन समजावतो. बाळाचे वजन वाढले की मात्रा बदलते, तेव्हा पुढच्या वेळी येताना सिरिंज सोबत आणायला सांगतो.